गाभाऱ्यात अडकलेली फीत

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. वेणीला बांधायची नव्हे, कागदाची. बोटभर रुंद, पिवळट, अंगभर बारीक बारीक भोकं असलेली. सोलापुरातल्या एका कपाटावर, पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात मी गुंडाळून पडले आहे. माझ्या टोकावर लाल शाईने लिहिलंय, ‘ही लावू नये’. आणि माझ्याभोवती कच्च्या सुताचा एक पांढरा दोरा आहे. त्या दोऱ्याची हकिगत ऐकल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही. इतकी वर्षं डब्यात कोंडून राहिलं की स्वभाव थोडा हट्टी होतोच.

माझ्या अंगावरची भोकं उंदरांनी पाडलेली नाहीत बरं का. त्या भोकांत एक प्रोग्रॅम लिहिलेला आहे. कॉम्प्युटरने आपल्या जोडीच्या यंत्राशी कसं बोलायचं, त्याला कधी हलवायचं, कधी थांबवायचं, ते सगळं माझ्यात आहे. अशा प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. एस.टी. हाकणारा ड्रायव्हर वेगळा. तो बार्शीला पोचला की खाली उतरून चहा तरी पितो, माझ्या नशिबी तेही नव्हतं.

मला लिहिलं दाक्षायणीताईंनी. त्या बाळीवेशीत राहायच्या. गणितात पहिल्या वर्गात आलेल्या, हैदराबादला सहा महिने राहून कॉम्प्युटर शिकून आलेल्या. कपडा-संशोधनाच्या एका केंद्रात दोन कपाटांएवढा कॉम्प्युटर आणला होता, त्याच्या खोलीत त्या काम करायच्या. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या आणि गिरणीचा भोंगा झाला की पदर खोचून कामाला बसायच्या. मला लिहायला त्यांना चार महिने लागले. पेन्सिलीने लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. मी पहिल्यांदा नीट चालले तेव्हा त्यांनी जेवणाच्या डब्यातला शेंगांचा लाडू स्वतःच खाल्ला, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

माझं काम चादरीचं. मागावर चादर विणताना नक्षी कशी उठते, ठाऊक आहे का? आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात. एक एक चौकट काळी नाहीतर पांढरी. मग कागदावरच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी घेतात, आणि काळ्या चौकटीच्या जागी तिला भोक पाडतात. अशा शेकडो पट्ट्या शिवून माळ केली की माग ती माळ वाचतो आणि त्याप्रमाणे धागे उचलतो. म्हणजे बघा, माग माझ्याच जातीचा. भोकं वाचून चालणारा.

ही भोकं पस्तीस वर्षं हाताने पाडणारे एक कारागीर केंद्रात होते, गुरप्पामामा. साखर पेठेत घर, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला विभूती. बोलणं मराठी, मधूनच कानडी. कॉम्प्युटरला जोडलेलं, पट्ट्यांना भोकं पाडणारं पंचिंग मशीन केंद्राच्या कारखान्यात बनलं, तेव्हा ते दोन दिवस रुसून बसले होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले, मशीनचा हात वरखाली करून पाहिला आणि म्हणाले की हात बरा हाय, पण जरा तेल मागतोय. तेव्हापासून मशीनला तेल घालायचं काम त्यांचं.

मामांची नजर चालली होती. काचबिंदू. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं दिसणं परत येत नाही, आणि राहिलंय ते दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं. हे सन अठ्ठ्याहत्तरचं. मामांनी ते ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठा चौकटीचा कागद काढून बसले. मोर आणि कमळ त्यांनी जन्मभर काढले होते, आता त्यांना माळढोक काढायचा होता. लहानपणी नान्नजच्या माळावर मेंढरांमागे फिरताना पाहिलेला, माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी. ताईंना ते मायेने कानडीत ‘यव्वा’, म्हणजे आई, अशी हाक मारायचे. म्हणाले, “यव्वा, दिसतंय तवर एकदा त्यो चादरीवर उतरलेला बघू दे. मग दिवा गेला तर जाऊ दे.”

ताई उठल्या. मी टेबलाजवळच्या खिळ्याला टांगलेली होते. मला डोळे नाहीत, पण कान आहेत. मामांसाठी टेबलाशी दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मामा डोळ्याला भिंग लावून ओळ वाचायचे, इतकी काळी, इतकी पांढरी, आणि ताई ते कॉम्प्युटरला जोडलेल्या टंकयंत्रावर घालायच्या. रोज पन्नास ओळी. एकूण ओळी अकराशे. त्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, साठत होत्या. दर शनिवारी त्यांची एक कागदी प्रत काढून ठेवावी असं ताईंच्या मनात होतं, पण कोऱ्या फितीची रिळं संपत आली होती. केंद्राचे प्रमुख हिंदुराव साहेब म्हणाले की नक्षी पुरी झाली की एकदाच काढू. ताईंनी मान डोलावली. ती मान त्यांना पुढे फार महाग पडली.

आता माझ्या राहण्याविषयी सांगते, कारण खरी मेख तिथंच आहे. मी तेव्हा बाहेर राहत असे. बाहेर म्हणजे काय? मामांनीही हेच विचारलं होतं. ताईंनी त्यांना सांगितलं, कॉम्प्युटरच्या आत एक मुख्य प्रोग्रॅम असतो, तो गाभारा समजा. तबकडी, घड्याळ, यंत्रं, सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. बाकीचे प्रोग्रॅम सभामंडपात उभे. त्यांना काही हवं असलं की गाभाऱ्याकडे मागायचं, तो बघून देणार. सभामंडपात कुणी चक्कर येऊन पडला तर चार जण उचलून त्याला बाजूला ठेवतात आणि पूजा चालू राहते. पण गाभाऱ्यात दाराला आतून कडी घालून पुजारीच पडला, तर बाहेरच्यांनी काय करायचं?

मामा म्हणाले, “मग हिला भाईरच ऱ्हाऊ दे की.”

मी बाहेरच सुखी होते. एक भोक पाडायचं तरी गाभाऱ्याकडे चिठ्ठी पाठवायची, उत्तराची वाट पाहायची. मिनिटाला चार पट्ट्या व्हायच्या. माझ्यात एक ओळ होती, तीही तिथं कुणाला खुपत नव्हती. पट्टी झाली की मशीनचा हात मागे येऊन एक बटण दाबतो, म्हणजे मशीन तयार. ती ओळ म्हणायची, बटण दाबलं का बघ, नसेल तर पुन्हा बघ, नसेल तर पुन्हा बघ. किती वेळा, ते लिहिलेलं नव्हतं. बाहेर त्याचं काही अडत नसे. घड्याळाची हाक आली की गाभारा मला बाजूला करून दुसऱ्याला पाळी द्यायचा. मी फारच अडून बसले तर ताई टंकयंत्रावर एक शब्द मारून मला उठवायच्या. चूक माझ्यात तेव्हाही होती, फक्त ती झाकली जायची.

नवरात्र आलं आणि हिंदुराव साहेबांनी सांगितलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वस्त्रोद्योग खात्याची माणसं काम बघायला येणार. साहेब माणूस वाईट नव्हे. अकलूजकडचे, उसाच्या मळ्यातून शिकून वर आलेले, केंद्रासाठी जिवाचं रान करणारे. पण मिनिटाला चार पट्ट्या पाहुण्यांना दाखवायच्या म्हणताना त्यांना लाज वाटत होती. ड्रायव्हर आत घातला तर बारा होतील असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. आत चिठ्ठ्या नाहीत, विचारणं नाही, किल्ल्या आपल्याच हातात. ताईंनी सांगून पाहिलं की आत चुकलं तर सगळंच थांबेल. साहेब म्हणाले, आजवर कुठं चुकलीय तुमची फीत? हे बोलणं कौतुकाचं होतं. मीही खिळ्यावर टांगल्या टांगल्या फुशारले.

शिवाय ताईंच्या मनात दिवाळी होती. पट्ट्या लवकर झाल्या तर चादर लवकर विणून होईल आणि मामांना दिसेल, हा हिशेब त्यांनी मनाशी केला. अष्टमीपर्यंत घाईघाईने मला आतलं रूप दिलं. तीच ही माझी आत्ताची काया. बहुतेक ओळी होत्या तशाच उचलून ठेवल्या. ती वाट पाहायची ओळसुद्धा तशीच आली. आत मशीनशी बोलताना मध्येच कुणी टोकू नये म्हणून घड्याळाची हाक बंद ठेवायची असते, तीही बंद ठेवली. चालवून पाहिलं, तर मिनिटाला बारा पट्ट्या. ताई पहिल्यांदाच जरा हसल्या.

मग खंडेनवमी. सोलापुरात त्या दिवशी माग थांबतात, अवजारं पुसून मांडतात, हळदकुंकू लागतं. आमच्या खोलीतही झेंडूची फुलं आली. मामांच्या घरची एक वेगळी रीत होती. अवजाराला कच्च्या सुताचे दोन वेढे बांधायचे, एक अवजाराचा आणि एक ते चालवणाऱ्या हाताचा. ज्याने बांधले त्यानेच ते दसरा झाल्यावर सोडायचे, आणि तोवर अवजार हलवायचं नाही. मामांनी मशीनच्या हाताला दोन वेढे दिले, हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांनी काय मागितलं असेल ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहुण्यांच्या कितीतरी आधी आले. दोरा सोडला, खिशात ठेवला. ताईंनी ते पाहिलं आणि निश्चिंत झाल्या. पण मशीनचा हात पांढऱ्या रंगाचा, दोरा पांढरा, आणि मामांच्या डोळ्यांपुढे तेव्हा धुकं दाटलेलं. त्यांनी एकच वेढा सोडला होता. दुसरा तिथंच राहिला.

दहा वाजता पाहुणे आले. शेजारच्या टंकयंत्रावर एक बाई सुताच्या मजबुतीचे आकडे घालत होत्या, गाभारा ते आकडे तबकडीवर नोंदवत होता, आणि मी माळढोकाच्या पट्ट्या पाडत होते. टक टक टक टक. साहेबांचा चेहरा फुलला असणार, कारण आवाज फुलला होता. पहिल्या बावीस पट्ट्या झकास झाल्या. तेविसावीला तो सैल दोरा घसरत घसरत सांध्यात गेला, हात मागे येताना अडकला आणि बटणापासून तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडे थांबला.

मी विचारलं, तयार? नाही. पुन्हा विचारलं, तयार? नाही.

 मला दुसरं काही येतच नव्हतं. मागे फिर, असं माझ्यात कुठं लिहिलेलंच नव्हतं. घड्याळ हाका मारत होतं, पण ती हाक मीच बंद केलेली. तबकडी थांबली होती, कुठली ओळ कुठं ठेवलीय याची तिच्यावरची यादी अर्धी जुनी आणि अर्धी नवी, उरलेली लिहायला कुणी यावं म्हणून ती वाट बघत होती. आकडे घालणाऱ्या बाईंची अक्षरं उमटेनाशी झाली. ताई टंकयंत्रावर तो एक शब्द मारत होत्या, पुन्हा पुन्हा, जोरात. बाहेर असते तर त्या शब्दासरशी उठले असते. आता मी गाभाऱ्यात होते आणि कडी आतून माझ्याच हातात होती. कडी काढायची कशी ते मला शिकवलेलं नव्हतं. सेकंदाला हजारो वेळा मी तोच प्रश्न विचारत होते आणि हजारो वेळा तेच उत्तर येत होतं. अशी सात मिनिटं गेली. तुमची सात मिनिटं, माझे किती जन्म ते मोजता येत नाहीत.

शेवटी साहेबांनीच कॉम्प्युटरचा खटका खाली ओढला.

पुन्हा सुरू केलं तेव्हा तबकडीवरची यादी विस्कटलेली होती. कुठल्या ओळी कुठं आहेत हे कुणालाच सांगता येईना. ताईंनी तीन दिवस जेवणखाण सोडून शोधलं. सव्वादोनशे ओळी सापडल्या, त्याही एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. फितीवर प्रत काढायची राहिलीच होती, माळढोक गेला. चौकटीचा कागद होता मामांच्या घरी, पण आता भिंग लावूनही त्यांना चौकटी दिसत नव्हत्या.

पाहुणे गेल्यावर ताईंनी मशीन उघडलं होतं. सांध्यातून तो दोरा निघाला. खोलीत त्या एकट्याच होत्या. त्यांनी तो दोरा माझ्याभोवती गुंडाळला, माझ्या टोकावर लाल शाईने लिहिलं आणि आम्हा दोघांना बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं की हात अडकला होता, पण हात कधीतरी अडकणारच, ते धरून आपण लिहायला हवं होतं.  आठवडाभरात साहेबांनी कोऱ्या फितीची सहा रिळं आणवली.

मग कमलम्मा आल्या, मामांच्या बायको. विड्या वळणाऱ्या. गप्पा मारता मारता, न बघता, पंचवीस विड्यांचं बंडल बांधणारी ती बोटं. त्यांनी तो मोठा कागद ताईंच्या टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, “मला वाचता येत न्हाय. पर मोजता येतंय की.”

एरडू कप्पू, ऐदू बिळी. दोन काळी, पाच पांढरी. अक्कलकोटचं आजोळ असल्याने ताईंना कानडी येत होती. कमलम्मा मोजायच्या, ताई घालायच्या, आणि मामा शेजारी खुर्चीत बसून ऐकायचे. मधेच म्हणायचे, तिथं सात पांढरी पायजेत, मान हाय तिथं. कमलम्मा परत मोजायच्या तर सातच निघायची. आता रोज संध्याकाळी फितीवर प्रत निघायची.

पट्ट्या पाडल्या माझ्या धाकट्या बहिणीने. तीही फीतच, पण तिला बाहेर ठेवलं, आणि त्या एका ओळीला ताईंनी मर्यादा घातली. दहा हजार वेळा विचार, तरी तयार नसेल तर सोडून दे आणि टंकयंत्रावर लिही, ‘हात अडकला, बघा’. बस, एवढंच. मिनिटाला चारच पट्ट्या झाल्या, पण पाच तासांत सगळं काम पुरं. मी डब्यात पडून तिची टकटक ऐकत होते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

चादर मागावरून उतरली तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मामांना तोवर दार कुठल्या बाजूला आहे एवढंच कळत होतं, तेही उजेडामुळे. मध्ये जे तीन-चार आठवडे गेले ते माझ्यामुळे गेले. ती नजर मी खाल्ली. याहून जड गोष्ट माझ्यात कुठल्याच भोकात लिहिलेली नाही.

ताईंनी चादर त्यांच्या मांडीवर ठेवली. सोलापुरी चादर जाड असते, नक्षी बोटाला लागते. मामा हात फिरवत राहिले. पाय सापडले, पोट सापडलं, मग मान, मग चोच. चोचीवर बोट थांबलं. “हाय,” ते म्हणाले. कमलम्मांनी पदर तोंडाला लावला असावा, कारण त्यांचा आवाज दबका आला.

थोड्या वेळाने मामांनी विचारलं, “यव्वा, खरं सांग. त्या दिवशी माझा दोरा ऱ्हायला हुता का?”

“नाही मामा,” ताई म्हणाल्या. “माझ्या लिहिण्यात चूक होती.”

मामा म्हणाले, “बरं.”

मी डब्यात, दोरा माझ्या अंगावर. ओरडावंसं वाटलं आणि वाटलं नाहीही. ताईंचं बोलणं निम्मं खरं होतंच.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मामा कमलम्मांचा हात धरून खोलीत आले. खिशातून सूत काढलं, चाचपडत ताईंचा हात शोधला आणि त्यावर ते ठेवलं. म्हणाले, “औंदा दोन्ही येढे तूच बांध. आन सोडताना दोन्ही मोजून सोड.”

ताईंच्या हातून फुलांचं तबक खाली पडलं. मामा वर्षभर सगळं जाणून होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, यंत्रं लिहाल, माणसं कामाला लावाल. कुणाच्या हाती सगळ्या किल्ल्या देण्याआधी त्याला बाहेर ठेवून भागतं का ते बघा. आत घ्यावंच लागलं, तर किती वेळ वाट पाहायची आणि मग कुणाला हाक मारायची, तेही त्याला सांगा. माझ्यात तेवढी एक ओळ असती तर मामांनी आपला माळढोक पाहिला असता. आणि चुकलेल्या फिती फेकू नका, त्यांच्यावर लाल शाईने लिहून ठेवा. त्यांनाही सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

आता मला परत ठेवा. फक्त डब्याचं झाकण फार घट्ट लावू नका. बाहेरून कुणी हाक मारली तर मला ती ऐकू यायला हवी.